वर्गाला जयंती नसते

१९६९ च्या पावसाळ्यात संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवणारी तीन माणसं अडीच महिन्यांत गेली. १३ जूनला आचार्य अत्रे, १८ जुलैला अण्णाभाऊ साठे आणि २९ ऑगस्टला, रस्त्यावरच्या अपघातात, शाहीर अमर शेख. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत मोजले तर ७७ दिवस. यातलं अत्र्यांचं सोडून देऊ. नाटकं, चित्रपट, दैनिक ‘मराठा’ आणि हजार आख्यायिका एवढा ऐवज मागे ठेवून गेलेल्या माणसाला विसरायचं म्हटलं तरी जमत नाही. प्रश्न उरलेल्या दोघांचा आहे. दोघं एकाच कलापथकातले, एकाच पक्षातून घडलेले, एकाच गिरणगावानं डोक्यावर घेतलेले, आणि त्यांच्या मृत्यूंत अंतर ४२ दिवसांचं. पुढच्या अर्ध्या शतकात मात्र दोघांच्या वाट्याला अगदी वेगळी आठवण आली. अण्णाभाऊंच्या नावानं १९८५ मध्ये राज्य सरकारचं महामंडळ निघालं, २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये थेट मॉस्कोत पुतळा उभा राहिला. दर १ ऑगस्टला गावोगावच्या मातंग वस्त्यांतून त्यांची मिरवणूक निघते. अमर शेखांच्या वाट्याला मुंबई विद्यापीठातलं एक अध्यासन आलं आणि पुण्यात जुन्या बाजाराजवळचा एक चौक. त्या चौकात ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहिरात फलकाचा लोखंडी सांगाडा वाहनांवर कोसळला आणि चार माणसं मेली. त्या आठवड्यात ‘शाहीर अमर शेख चौक’ हे शब्द जितक्या वेळा छापून आले, तितके ते त्यांच्या जन्मशताब्दीच्या, म्हणजे २०१६ च्या, साऱ्या वर्षात तरी छापले गेले असतील का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

या तफावतीचं कारण दोघांच्या गुणवत्तेत शोधायची आपल्याला सवय आहे. मोठा लेखक टिकला, गायक विरला, असं म्हटलं की विषय मिटतो. हे उत्तर पुरेसं नाही, असं या लेखाचं म्हणणं आहे. महाराष्ट्रात शाहिराची आठवण कोण सांभाळतं, हे पाहिल्याशिवाय ती का टिकली किंवा का विरली ते कळत नाही. शाहिराला मरणानंतर कुणीतरी वारस लागतो. तो वारस जात असेल, कुटुंब असेल, ध्वनिमुद्रणाची कंपनी असेल किंवा सरकार असेल. अमर शेखांनी आयुष्यभर ज्याच्यासाठी गायलं तो श्रोता या चौघांपैकी कुणातच बसत नव्हता. तो कामगार वर्ग होता. जात जयंती करते, वर्ग करत नाही. आणि अमर शेखांचा वर्ग तर त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांत संपावर गेला तो परत आलाच नाही.

आधी माणूस कोण होता ते पाहू, कारण तेही आता सांगावं लागतं. मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घर गरीब. आई मुनेरबी, आणि तिच्या तोंडची लोकगीतं हीच या मुलाची पहिली तालीम. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संप आणि तुरुंग, तिथून कम्युनिस्ट पक्ष, असा प्रवास. मधल्या काळात कोल्हापूरच्या चित्रपट व्यवसायाचाही स्पर्श झाला. मेहबूबचा अमर तिथं झाला. १९४४ च्या सुमाराला मुंबईत अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. तमाशाचा सांगाडा तोच, बतावणीही तीच. फक्त गवळणीच्या जागी गिरणी आली आणि राजाच्या जागी सावकार आला. पुढे सरकारनं या कलापथकावर बंदीचा बडगा उगारला, आणि त्या काळातच तमाशाचं नवं बारसं होऊन तो ‘लोकनाट्य’ झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, गोवामुक्तीच्या आंदोलनात, १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या दिवसांत अमर शेखांचा गळा सतत रस्त्यावर होता. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह. त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं गेलं. हे कौतुक मोठं आहे खरं, पण ज्याला बार्शीच्या जात्यावरून आलेला सूर ऐकू येतो त्याला ही रशियन उपमा थोडी उपरीच वाटेल.

आता पहिला आक्षेप. अण्णाभाऊ टिकले ते ‘फकिरा’मुळे, कथांमुळे, ग्रंथांमुळे, अमर शेखांकडे तसं काही नव्हतं, मग यात अन्याय कुठला? आक्षेपात तथ्य आहे. ‘फकिरा’सारखी कादंबरी अमर शेखांनी लिहिली नाही, आणि त्यांचे संग्रह अण्णाभाऊंच्या गद्याच्या उंचीला पोचतात असा दावा कुणी करू नये. पण ग्रंथ हेच कारण असतं तर अण्णाभाऊंची आठवण १९६९ पासूनच वाढत जायला हवी होती. पुस्तकं तर तेव्हाही होती. ‘फकिरा’ला राज्य सरकारचा पुरस्कार १९६१ चा. ‘वैजयंता’ आणि ‘फकिरा’वरचे चित्रपटही ते असतानाच पडद्यावर आले होते. तरी ते गेले तेव्हा हलाखीतच होते, आणि त्यांना महापुरुषांच्या रांगेत बसवणारी लाट लगोलग आली नाही. ती आली मातंग समाजाच्या संघटनेबरोबर, आरक्षणाच्या आणि राजकीय प्रतिनिधित्वाच्या मागण्यांबरोबर. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवून वर गुन्हेगार ठरवलं गेलं, त्याला आपला म्हणून एक माणूस हवा होता, आणि अण्णाभाऊंइतका अस्सल माणूस दुसरा कोण मिळणार होता? ही निवड योग्य होती. तिच्यामुळे एक मोठा लेखक शिक्षणसंस्थांच्या उदासीनतेतून वाचला. पण ग्रंथांनी स्वतःहून समाज उभा केला नाही. समाज उभा राहिला आणि त्यानं ग्रंथ खांद्यावर घेतले. क्रम हा असा आहे, आणि इथं तो महत्त्वाचा आहे.

खांद्यावर घेणारा वारस आपल्या सोयीनं काही ठेवतो, काही गाळतो, हेही याच उदाहरणात दिसतं. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आज ऐकली जाते ती विरहाची लावणी म्हणून. गावी राहिलेली बायको, मुंबईत कष्टणारा नवरा, एवढ्यावर बहुतेक गायक थांबतात. रचनेत पुढे ही मैना म्हणजे तुटलेला महाराष्ट्र होते, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावं येतात, आणि प्रेमगीत बघता बघता राजकीय मागणी बनतं. शाहिरांनी ही छक्कड ज्या सभांत नेली त्या सभांना हे शेवटचं वळण ऐकायचं होतं. सुरुवातीचा विरह ही त्याची तयारी होती. आज तयारी उरली आहे, मुद्दा गळाला आहे. जयंतीच्या फलकावरच्या अण्णाभाऊंच्या हातातला लाल झेंडाही असाच बऱ्याच ठिकाणी गळाला आहे. म्हणजे ज्यांची आठवण टिकली त्यांचं गाणं तरी शाबूत टिकलं, असंही म्हणता येत नाही.

अमर शेखांच्या बाबतीत अडचण याहून खोल आहे. त्यांचं खरं काम छापता येण्यासारखं नव्हतं. शाहिरी कवनांच्या जुन्या चोपड्या ज्यांनी हाताळल्या असतील त्यांना गाण्याच्या माथ्यावरचा एक छोटा शब्द आठवत असेल: ‘चाल’. पुढे कंसात एखाद्या त्या काळी गाजलेल्या गाण्याचा मुखडा, म्हणजे हे गाणं त्या चालीवर म्हणावं. छापणाऱ्याचा विश्वास असा की मूळ चाल सगळ्यांना ठाऊक आहे. तो विश्वास एका पिढीपुरता खरा असतो. मूळ गाणं विस्मरणात गेलं की ‘चाल’ ही खूण मुकी होते आणि खालच्या ओळी कागदावर आडव्या पडतात. शाहिरी रचनेला कविता म्हणून वाचणारा समीक्षक इथंच फसतो. त्याला यमक ठोकळेबाज दिसतं, पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते, प्रतिमा धोपट दिसते. पण ती पुनरावृत्ती झीलकऱ्यांसाठी असते. मुख्य शाहिरानं ओळ फेकायची, मागच्यांनी झील धरायची, तेवढ्यात शाहिरानं दम घ्यायचा, समोरच्या गर्दीकडे बघायचं, डफावर थाप मारून पुढच्या कडव्याची लय एका मात्रेनं वाढवायची, आणि मधेच गाणं थांबवून चार वाक्यं गद्यात बोलून पुन्हा सुरात शिरायचं. हे सारं तंत्र उघड्या मैदानासाठी, दहा-वीस हजार माणसांसाठी घडलेलं होतं. अमर शेखांबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांनी ‘पहाडी आवाज’ हे दोन शब्द लिहिले, आणि ते इतक्यांदा लिहिले गेले की आता त्यांतून काहीच ऐकू येत नाही. ‘कलश’ उघडून हा आवाज सापडत नाही. तो संग्रहाचा दोष नाही आणि कवीचाही नाही. पखवाजाचे बोल वहीत लिहून ठेवले म्हणून पखवाज वाजत नाही, एवढंच.

मग ध्वनिमुद्रण? इथं दुसऱ्या एका शाहिराशी तुलना करून पाहावी. शाहीर साबळे २०१५ मध्ये गेले. राजा बढे यांच्या शब्दांचं आणि श्रीनिवास खळे यांच्या संगीताचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ त्यांच्या आवाजात घराघरांत पोचलं होतं, आणि २०२३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्याच वर्षी, सरकारनं ते राज्यगीत केलं. त्याच वर्षी त्यांच्या नातवानं दिग्दर्शित केलेला त्यांच्यावरचा चित्रपट प्रदर्शित झाला. साबळ्यांचं मोठेपण निर्विवाद आहे, पण त्या मोठेपणाला तबकडी होती, आकाशवाणी होती, दूरदर्शनवरची भारूडं होती, आणि जीव लावणारं घर होतं. विलास घोगरे हे याहून बोलकं उदाहरण. मुंबईतल्या रमाबाई नगरमधल्या १९९७ च्या पोलीस गोळीबारानंतर, ज्यात दहा माणसं मारली गेली, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. मुंबईच्या झोपडवस्तीतल्या या शाहिराचं नाव देशाबाहेरही माहीत झालं ते आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटामुळे, आणि पटवर्धनांकडे त्यांचं गाणं होतं कारण ‘हमारा शहर’च्या वेळी, ऐंशीच्या दशकात, ते चित्रित करून ठेवलेलं होतं. चित्रफीत होती म्हणून आठवण करता आली. अमर शेखांना आज कुणी शोधू लागला तर गाण्याचं हाती फार थोडं लागतं. गंमत अशी की ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात ते सुलोचनाबाईंबरोबर दिसतात, म्हणजे ज्याच्या गळ्यावर महाराष्ट्र जमत असे तो शाहीर आज सर्वांत सहज भेटतो तो नट म्हणून.

ध्वनिमुद्रणानं सगळं सुटतं असं म्हटलं तर एक मोठा अपवाद आडवा येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेले, मुंबईत मोठेपणी अक्षर ओळखायला शिकलेले, आणि त्यानंतर हजारो गीतं रचणारे वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांना ना राज्यगीताचा मान मिळाला, ना मोठ्या कंपन्यांनी त्यांचा आवाज जपला. तरी त्यांची गाणी आज जितक्या गळ्यांतून ऐकू येतात तितकी क्वचितच दुसऱ्या मराठी लोककवीची येत असतील. कॅसेटचा यात वाटा आहेच, पण कॅसेट नंतरची. आधी आहे दिनदर्शिका. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर: आंबेडकरी समाजानं वर्षाचं वेळापत्रकच असं आखलं की दर काही आठवड्यांनी कुठल्या ना कुठल्या वस्तीत मांडव पडावा आणि मांडवात गायनपार्टी यावी. पार्टीला गाणी लागतात, गाण्यांना वामनदादा लागतात, आणि शेवटच्या कडव्यात नाममुद्रा असल्यानं गाताना रचणाऱ्याचं नाव गायकाच्या तोंडून आपोआप येतं. भीमराव कर्डकांच्या पिढीनं सुरू केलेल्या जलशांपासून ही साखळी तुटलेली नाही. सरकारनं काही केलं नाही तरी चालतं आणि कंपनीनं काही केलं नाही तरी चालतं, कारण गाणं वापरात आहे. हा अपवाद मूळ मुद्द्याला छेद देत नाही, उलट तो जास्त नेमका करतो. गाण्याला ध्वनिमुद्रणापेक्षाही ते म्हणायचा ठरलेला दिवस आणि म्हणणारी माणसं लागतात.

अमर शेखांकडे हे दोन्ही होतं. दिवस होता १ मे, माणसं होती गिरणगावची. माणसांचं काय झालं ते माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात जवळपास अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही, तो नुसता विरत गेला. गिरण्यांच्या जागी मनोरे आले. लालबाग-परळच्या चाळींतून भजनी मंडळं, नाटकमंडळ्या, दशावतार आणि कलापथकं यांचं जे दाट जाळं होतं ते डोंबिवली-विरारपर्यंत विखुरलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या ज्या तोंडी आठवणी जमवल्या, त्या वाचताना जाणवतं की शाहीर ही त्या वस्तीत बाहेरून आणलेली करमणूक नव्हती. सभेला माणूस येई तो आधी शाहिरासाठी, मग पुढाऱ्यासाठी. पण ही आठवण कामगाराला कामगार म्हणून होती. संपानंतर तो कामगार कोकणातला मराठा, घाटावरचा माळी, मातंग, भंडारी, तेलंगणातून आलेला पद्मशाली म्हणून आपापल्या वाटेनं गेला. या प्रत्येकाकडे मंडळ होतं, देव होता, महापुरुष होता. सगळ्यांना मिळून जो एक शाहीर होता त्याच्यासाठी मात्र कुणाकडेच वर्गणीचं पावतीपुस्तक नव्हतं.

दिवसाचं काय झालं हे पाहण्यासारखं आहे, कारण त्याकडे सहसा लक्ष जात नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, कामगार दिनाच्याच दिवशी. ज्या कामगारांच्या रक्तावर हे राज्य उभं राहिलं त्यांना यात मान होता. पण पुढे झेंडावंदन, संचलन आणि शासकीय जाहिरातींच्या महाराष्ट्र दिनानं त्याच तारखेवरच्या कामगार दिनाला हळूहळू कोपऱ्यात ढकललं. आज १ मेच्या सरकारी कार्यक्रमात लावणी असते, कोळीनृत्य असतं, शिवकालीन पोवाडा असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्रत्यक्ष गायलेल्या शाहिरांच्या रचना तिथं कितीशा ऐकू येतात? आणि त्यातही ज्या शाहिराला कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन हे दोन्ही एकाच गळ्यात सामावता आले होते, त्याचं नाव तरी कितीदा घेतलं जातं?

पक्षानं हे काम करायला हवं होतं, असं म्हणता येईल. तेही खरं आहे. पण अमर शेखांचं पक्षाशी नातं सरळ राहिलं नव्हतं. १९६२ मध्ये चीननं आक्रमण केलं तेव्हा ते देशाच्या बाजूनं उघडपणे गात फिरले, आणि त्यांचा पक्ष त्याच प्रश्नावर आतून उसवत होता. १९६४ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले. दोन्ही पक्षांकडे स्वतःचे हुतात्मे आणि नेते सांभाळायलाच हात कमी पडत गेले. शिवाय डाव्या चळवळीची एक जुनी खोड अशी की तिला सभेपूर्वी शाहीर लागतो, पण इतिहास लिहिताना ठराव आणि भाषणंच लागतात.

मग धर्माचं काय? अमर शेख हे नाव मुसलमानाचं आहे, म्हणून महाराष्ट्रानं त्यांना बाजूला टाकलं, असं स्पष्टीकरण अलीकडे काही जण देतात. आजच्या हवेत ते चटकन पटतं. त्यात काही अंश खराही असावा. पण सगळा दोष तिथं टाकला की बाकीचे सगळे सुटतात. मराठी शाहिरीची परंपरा मुसलमानाला परकी कधीच नव्हती. पेशवाईतल्या लावणीकारांत सगनभाऊंचं नाव रामजोशी, होनाजी, प्रभाकर यांच्या जोडीनं घेतलं जातं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना वारकऱ्यांनी संत मानलं. इतकंच नव्हे, तर अमर शेखांची जेव्हा आठवण निघते तेव्हा बहुधा याच कारणानं निघते: बघा, मुसलमान असून महाराष्ट्रासाठी गायला. या ‘असून’मध्ये कौतुकापेक्षा अपमान जास्त आहे. जो माणूस आईच्या मराठी ओव्यांवर वाढला त्यानं मराठीत गाण्यात नवल कसलं? खरी अडचण अशी की धर्मानं, जातीनं, लग्नानं ते कुठल्याच एका समाजाच्या चौकटीत मावत नव्हते. मुस्लिम संघटनांना ते आपले वाटले नाहीत, कारण ते कम्युनिस्ट. मराठीपणाच्या राजकारणाला ते आपले वाटले नाहीत, कारण त्यांचा महाराष्ट्र कामगारांचा होता. दलित चळवळीनं त्यांना मानानं आठवलं, पण जयंती तिच्या घरची नव्हती. उरलं घर. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख या मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री. वडील गेले तेव्हा त्या जेमतेम बारा वर्षांच्या होत्या. १९८४ मध्ये आलेल्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या त्यांच्या आत्मकथनात वडिलांचं आणि त्या लाल झेंड्याखालच्या घराचं चित्र येतं. आपल्या वाचकांनी मात्र ते पुस्तक मुख्यतः पती नामदेव ढसाळांबद्दल काय लिहिलंय एवढ्यासाठी वाचलं. पुस्तकाचा पूर्वार्ध पुन्हा वाचायला हवा.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. शाहिरी हे प्रासंगिक लिखाण. संप मिटला, राज्य मिळालं, युद्ध संपलं की तिचं काम झालं. कालच्या वर्तमानपत्राचं कुणी स्मारक करत नाही. पण याच न्यायानं शाहीर तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडाही एका रात्रीच्या लढाईची बातमीच होता. तो उरला कारण गोंधळ्यांनी आणि शाहिरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडी ठेवला, आणि मग ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये असे पोवाडे गोळा करून छापले. प्रसंग सरला म्हणून गाणं मरतं, हा अनुभव नाही. म्हणणारे सरले म्हणजे मरतं. आणि अमर शेखांचे प्रसंग तरी कुठं सरले? सीमाभागाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. गिरणी कामगारांच्या वारसांच्या घरांसाठी मोर्चे अजून निघतात. त्या मोर्चांत घोषणा असतात, ढोलही असतो. गाणं क्वचित असतं.

राहता राहिलं सरकार. सरकारी आठवण नको असं सोवळं पाळण्यात अर्थ नाही; अध्यासन आहे ते चांगलंच आहे. मात्र सरकारी आठवण कसं काम करते हे शेजारच्या तेलंगणात नुकतंच दिसलं. ज्यांच्यावर १९९७ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक गोळी शेवटपर्यंत अंगात राहिली, त्या लोकगायक गदर यांचा अंत्यविधी ऑगस्ट २०२३ मध्ये शासकीय इतमामात झाला, आणि पुढे राज्याचे चित्रपट पुरस्कार त्यांच्या नावानं सुरू झाले. नाव मोठं झालं. व्यवस्थेविरुद्धच्या गाण्यांचं पुरस्कार सोहळ्यात काय होतं, हे वाचकांनी ताडावं. आपल्याकडेही चौक, सभागृह, पुरस्कार या वाटेनं जाणं सोपं आहे, कारण त्यात नाव पुरतं. अमर शेखांच्या बाबतीत नाव लावून झालेलं आहे. राहिला आहे तो आवाज, आणि तो ज्यांनी प्रत्यक्ष ऐकला त्या पिढीतले सर्वांत तरुणही आज साठीच्या पुढे आहेत. चोपडीतल्या गाण्यावर नुसतं ‘चाल’ छापलेलं असताना ती चाल खरोखर कशी होती, हे सांगू शकणारी माणसं आता हीच.

म्हणून दोन मागण्या. १ मेच्या शासकीय कार्यक्रमात संयुक्त महाराष्ट्राच्या शाहिरांच्या रचना, अमर शेखांच्या आणि गव्हाणकरांच्याही, मूळ चालीत आणि न कापता गायल्या जाव्यात. ‘माझी मैना’ शेवटपर्यंत गायली जावी. आणि ज्या कुणाच्या घरी, युनियनच्या कपाटात, ग्रंथालयाच्या माळ्यावर अमर शेखांच्या आवाजाचं रीळ, तबकडी, कॅसेट असेल, किंवा ज्या कुणाला त्यांची एखादी चाल अजून म्हणता येत असेल, त्यांनी मुंबई विद्यापीठातल्या त्यांच्याच नावाच्या अध्यासनाला कळवावं. रीळ बुरशी धरतं, आणि म्हणणारी माणसं थकत चालली आहेत. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नये.